‘पोट्ट्याले खांबाले बांधा’ म्हणणाऱ्यांसाठी

सोयाबीनचे पैसे हातात आले की तालुक्याच्या दुकानांत गर्दी वाढते, आणि त्याच सुमारास आपल्या भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. कोणी लिहिला, देव जाणे. मतलब असा: दुकानात चोरी करताना पोरगं सापडलं तर पोलिसांच्या नादी लागू नका, अठरा वर्षांखालच्याला कायदा हात लावत नाही. तिथंच खांबाला बांधा, चोप द्या, फोटो ग्रुपवर टाका, मालाच्या दहापट वसूल करा. शेवटी मायबापांना सल्ला: पोलिसात नाव गेलं तर पोराची भरती कायमची गेली, म्हणून घरीच पट्टा काढा आणि जन्मभर आठवेल असं हाणा.

पहिल्या ओळीत कायद्याला दातच नाहीत आणि शेवटच्या ओळीत तोच कायदा पोराचं आयुष्य खातो. लिहिणाऱ्याने आधी काय ते एक ठरवायचं होतं. तसं पाहिलं तर दोन्ही गोष्टी चूक आहेत.

‘कायदा काहीच करत नाही’ हे आधी घेऊ. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत आणि माल ठेवलेल्या इमारतीतल्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद आहे, पण ती मोठ्यांना. मुलाचं प्रकरण 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांतली किमान एक बाई असावी लागते. हे मंडळ समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशन लावू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं, आईबापाला दंड भरायला लावू शकतं, वागणुकीवर नजर ठेवून सोडू शकतं आणि अगदीच गरज पडली तर तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवू शकतं. याला ‘काहीच नाही’ कसं म्हणायचं? ऐन कापूस वेचणीत जिल्ह्याच्या ठिकाणी तारखेला जायचं म्हणजे मायची मजुरी बुडते, एसटीचं तिकीट वेगळं. तिथं बाकावर बसलेल्या त्या आईला विचारा, काही होतं की नाही.

हो, मुलाला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. ताब्यात घेतलंच तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मंडळापुढे न्यावं लागतं आणि जामीन हा नियम आहे, नाकारायला ठरावीक कारणं लागतात. यालाच लोक ‘सुटून आला’ म्हणतात.

आता खांबाला बांधण्याचं. दुकानदाराचा राग खोटा नाही. किराण्यात सुटतं किती, आणि एक महागडी बाटली गेली की तेवढं भरून काढायला किती माल विकावा लागतो, हे गल्ल्यावर बसणाऱ्यालाच ठाऊक. त्याने पोराला थांबवावं, माल परत घ्यावा, आईबापाला बोलवावं, 112 ला फोन करावा. पण डांबून ठेवलं, मारलं आणि ‘पाच हजार टाक, नाहीतर सोडत नाही’ म्हटलं की आरोपी तो होतो. डांबून ठेवणं हा गुन्हा, मारहाण हा गुन्हा, आणि भीती दाखवून पैसे उकळणं म्हणजे खंडणी. तिला सात वर्षांपर्यंत कैद आहे. शंभराच्या फेसवॉशपायी एवढं ओढवून घ्यायचं? (मुलांना खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, विकणाऱ्यांनी तर कायद्याच्या गोष्टी जपूनच कराव्या. त्यालाही याच बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.)

मेसेजमधला सगळ्यात वाईट भाग फोटोचा. असा एक फोटो माझ्याही फोनवर आला होता. काउंटरपुढे उभं केलेलं पोट्टं, अंगात शाळेचा पांढरा शर्ट, डिओची बाटली कानाजवळ वर धरायला लावलेली, नजर फरशीवर. चेहरा थोडा हललेला होता, पण खिशावरचा शाळेचा बिल्ला स्वच्छ वाचता येत होता. संध्याकाळपर्यंत तोच फोटो दुसऱ्या ग्रुपवर ‘टोळी पकडली’ म्हणून आला. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा फक्त वर्तमानपत्राबद्दल बोलत नाही, संपर्काची इतर साधनंही त्यात आहेत. ‘मी नुसता फॉरवर्ड केला’ म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

आणि फोटो कोणाचा निघतो, हेही जरा पाहा. पाटलाच्या किंवा मास्तरच्या घरचं लेकरू असलं तर ‘चुकलं, वय आहे’ म्हणून चहावर मिटतं. पारधी बेड्यावरचं, म्हणजे वस्तीवरचं, असलं तर मोबाइल आधी बाहेर निघतो. इंग्रजांच्या 1871 पासूनच्या कायद्यांनी पारध्यांसारख्या समाजांवर मारलेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का 1952 मध्ये पुसला गेला. कागदावरून.

‘भरती कायमची गेली’ हे चूक असलं तरी त्यामागची भीती मनापासूनची आहे. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी आपली पोरं पाहिली की ती समजते. पण कायदा नेमका उलट सांगतो. कलम 24 प्रमाणे अशा प्रकरणामुळे मुलाला पुढे कोणतीही अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत संपली की नोंदी नष्ट करायच्या असतात. प्रकरण निकाली निघालं असेल तर चारित्र्य पडताळणीत पोलिसांनी ती माहिती द्यायची नाही, हे कलम 74 मध्येच लिहिलंय. केंद्रीय सुरक्षा दलातल्या भरतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये लहानपणीच्या खटल्यावरून उमेदवाराला बाहेर ठेवणं मान्य केलं नाही. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांप्रमाणे तर अशा चोरीत, सोबत कोणी मोठा माणूस नसेल तर, एफआयआरसुद्धा करायचा नसतो, ठाण्याच्या डायरीत नोंद घेऊन मंडळाला अहवाल पाठवायचा असतो. अपवाद आहेत: सोळा ते अठरा वयात निर्घृण गुन्हा केला तर गोष्ट वेगळी, आणि अठरा पूर्ण झाल्यावर केलेल्या चोरीला हे कवच नाही. मंडळाची फाइल नष्ट होते. ग्रुपवरचा फोटो कोण नष्ट करणार?

राहिला पट्टा. बापाला राग येणारच, चार लोकांत मान खाली गेलेली असते. पण मार खाल्लेलं पोट्टं पुढच्या वेळी सापडायचं नाही, एवढंच शिकतं. दुसरं टोकही तितकंच वाईट: बाप दुकानात जातो, नोट फेकतो, ‘मिटलं’ म्हणतो. पोराने काय पाहिलं? बापाचं पाकीट. मला विचाराल तर आधी रात्र जाऊ द्यावी. मग त्याला सोबत घेऊन, दुकानात गिऱ्हाईक नसताना जावं, वस्तू किंवा पैसे त्याच्याच हाताने द्यावे आणि काय केलं ते त्याच्याच तोंडून येऊ द्यावं. बापाने बाजूला उभं राहावं, वकिली करू नये. पैसे त्याच्या खाऊच्या, जत्रेच्या पैशातून हप्त्याने कापावे.

आणि ‘काहून चोरलं बे?’ हा प्रश्न खरंच उत्तर हवं असल्यासारखा विचारावा. घरात खायला आहे, तरी पोरं चोरतात. मित्रांनी पैज लावलेली असते, वर्गात सगळ्यांकडे इअरफोन असतात, खर्र्याची उधारी झालेली असते, मोबाइलच्या गेमात पैसे गेलेले असतात, नाहीतर मोठी पोरं धमकावून आणायला लावतात. शेवटचं असेल तर तुमचं लेकरू आरोपी कमी आणि सावज जास्त आहे. मुलाला गुन्ह्याला लावणाऱ्या मोठ्या माणसाला न्याय संहितेत किमान तीन वर्षं आहेत. पट्टा काढलेल्या बापाला हे नाव कोणतं पोरगं सांगेल?

ठाण्यातून फोन आलाच तर पुढाऱ्याच्या मागे धावण्याआधी बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहे ते विचारा. प्रत्येक ठाण्यात तसा एक नेमलेला असायला हवा. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडून मुलाला वकील फुकट मिळतो, त्यासाठी 15100 हा नंबर आहे. मुलांची हेल्पलाइन 1098. आणि शाळेचा जन्मतारखेचा दाखला सोबत न्या. वय आधी त्यावरूनच धरतात. गुरुजींनी पहिलीत अंदाजे जूनमधली तारीख टाकलेली असली, तरी.