जॅकेटचं नंतर बघू

हिवाळ्यात बर्फाळ प्रदेशात जायचं ठरलं की पहिली चर्चा होते ती जॅकेटची. जितकं जाड तितकं चांगलं, असा सरळ हिशेब. निम्मे पैसे त्यातच जातात आणि आत घालायला मात्र कपाटात असतील तेच कपडे. मला ही सुरुवातच उलटी वाटते. अंगाला लागून काय घालणार ते आधी ठरवा, जॅकेटचं नंतर बघू.

कारण उणे 20 अंशांतही घाम येतो. बॅगा उचलून थोडा चढ चढलात तरी पाठ भिजते. सुती बनियन तो घाम पिऊन घेतं आणि मग वाळायचं नाव घेत नाही. तुम्ही थांबलात की तेच ओलं बनियन अंगातली ऊब ओढून न्यायला लागतं. हवेपेक्षा पाण्यातून उष्णता सुमारे 25 पट वेगानं निघून जाते. म्हणून सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स, तिन्ही घरी ठेवा. त्वचेलगत मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस (लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड) किंवा लोकरीचा स्वेटर, आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. तेही सैल. ऊब धरून ठेवते ती कपड्यांत अडकलेली हवा. पिसांचं जॅकेट घट्ट झालं की पिसं दबतात आणि ती हवाच उरत नाही. चालताना अंग तापायला लागलं, की घाम फुटायच्या आत चेन उघडायची. एवढ्या गारठ्यात चेन उघडा म्हटलं की लोक वेड्यात काढतात, पण मी सांगणं सोडत नाही.

पायांचे हाल तर बघवत नाहीत. एकदा बाहेरून आल्यावर सोबतच्या एका बाईंनी बूट काढले. आत मोज्यांचे तीन जोड. बूट इतके आवळले होते की घोट्याभोवती शिवणीचे वळ उठलेले, आणि बोटांना हात लावलेला त्यांना कळतही नव्हता. जास्त मोजे म्हणजे जास्त ऊब, हा समज खरोखर घातक आहे. पाय आवळला की रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही. लोकरीचा जाड एकच जोड घाला, आणि बूट घेताना तोच मोजा घालून बघा. आत बोटं मोकळी हलली पाहिजेत.

तापमानाच्या आकड्यासोबत वाऱ्याचा वेगही बघत जा. ताशी 30 किलोमीटर वारा असेल तर उणे 20 अंश उघड्या त्वचेला उणे 33 सारखे लागतात. अशा वेळी नाक, कान आणि गाल झाकलेलेच हवेत. कानातली धातूची आभूषणं काढून ठेवा. बोटं वेगवेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहतात ते जास्त उबदार, आणि आत एक पातळ जोड असला की फोटोसाठी हात उघडा पडत नाही. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते. गॉगल हवाच, ताज्या बर्फावरून बरंचसं ऊन परत डोळ्यांवर येतं. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका. आणि ऊब येते म्हणून दारू तर नकोच: त्वचेकडे रक्त धावल्यामुळे गरम वाटतं खरं, पण अंगातली उष्णता त्याच वाटेनं बाहेर जाते.

बोट बधिर झालं, पांढरट किंवा मेणासारखं दिसायला लागलं, तर चोळू नका, बर्फानं तर मुळीच नाही. शेकोटीजवळही धरू नका, बधिर कातडीला चटका कळत नाही. आडोशाला जा, काखेत धरा, आणि संवेदना लवकर परत आली नाही तर डॉक्टरकडे जा. सावळ्या त्वचेवर हा रंगबदल पटकन दिसत नाही, त्यामुळे स्पर्श कळतोय का, हे विचारत राहावं लागतं. लहान मुलं खेळण्याच्या नादात काही बोलत नाहीत, म्हातारी माणसं उगाच कुणाला त्रास नको म्हणून गप्प बसतात. त्यांनी सांगायची वाट बघू नका. थोड्या थोड्या वेळानं आडोशाला घेऊन त्यांचे हातमोजे काढा आणि बोटं स्वतः हातात धरून बघा.