घर पाहावे बांधून, लीग पाहावी काढून

तुमच्याकडे चार पैसे जास्त झाले आहेत. फ्लॅट घेऊन झाला, गावाकडे फार्महाऊस झालं, मुलाला ऑस्ट्रेलियाला धाडून झालं, तरी रात्री झोप लागत नाही, कारण पैसे अजून शिल्लकच आहेत. अशा वेळी लोक द्राक्षबाग घेतात, मराठी चित्रपट काढतात, नाहीतर नगरसेवकपदाला उभे राहतात. हे तिन्ही उपाय रेंगाळणारे. क्वचित त्यात फायदाही होऊन बसतो. मी तुम्हाला अमेरिकेत १९८७ पासून पुन्हापुन्हा आजमावलेला रामबाण उपाय सांगतो. इनडोअर फुटबॉलची लीग काढा.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर ज्यासाठी पेठा एकमेकींशी बोलेनाशा होतात, ते फुटबॉल नव्हे. हे अमेरिकन फुटबॉल. चेंडू अंडाकृती, डोक्यावर हेल्मेट, नाव पायाचं आणि काम बहुतेक हाताचं. ते छपराखाली आणायचं.

पहिली गरज भांडवलाची नसून एका खाकी पाकिटाची. जिम फॉस्टर नावाचे गृहस्थ फेब्रुवारी १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना बघत बसले होते. बघता बघता त्यांच्या मनात आलं की सॉकर आत येतो तर आपलं फुटबॉल का नाही? त्यांनी जवळचं पाकीट काढलं आणि त्यावर मैदानाची आकृती रेखाटली. तुम्हीही पाकीटच वापरा. एक्सेलमध्ये मांडायला गेलात तर खाली बेरीज दिसते आणि बेत तिथेच मोडतो.

आता हॉल. ही भीती मनातून काढून टाका, हॉल मिळतोच. आपल्याकडे आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत मुहूर्त नसतात, तेव्हा मंगल कार्यालयाचा मालक साड्यांच्या सेलला, योगशिबिराला, कुणाच्याही एकसष्टीला हॉल द्यायला तयार असतो. अमेरिकेतल्या बंदिस्त स्टेडियमांचा चातुर्मास उन्हाळ्यात येतो. आइस हॉकी आणि बास्केटबॉल संपतं, दहा-पंधरा हजार खुर्च्या ओस पडतात आणि विजेचं बिल मात्र येत राहतं. फॉस्टरसाहेबांच्या एरिना फुटबॉल लीगचा पहिला हंगाम म्हणूनच उन्हाळ्यात भरला. एप्रिल १९८६ मध्ये इलिनॉयमधल्या रॉकफर्डला चाचणीचा सामना झाला, त्याला १,२५७ माणसं आली. आपल्याकडे एवढी पंगत बऱ्यापैकी लग्नाला उठते. पण पाकीटवाल्या माणसाला १,२५७ हा आकडा फार मोठा दिसतो, आणि पुढच्याच वर्षी पिट्सबर्ग, डेन्व्हर, वॉशिंग्टन आणि शिकागो असे चार संघ घेऊन लीग सुरू झाली.

खेळाबद्दल थोडं समजून घ्या, कारण उद्या प्रायोजक विचारतील. बाहेरचं मैदान १०० यार्डांचं, हे ५० यार्डांचं. बाहेर अकरा गडी, इथे आठ. रुंदी ८५ फूट, म्हणजे हॉकीच्या बर्फावर गालिचा अंथरावा तेवढीच. कडेला गाद्या लावलेल्या फळ्या. धावत आलेला गडी त्या फळीवरून उलटून पहिल्या रांगेतल्या काकांच्या पॉपकॉर्नमध्ये पडतो. चेंडू प्रेक्षकांत गेला तर तो प्रेक्षकांचा. तेवढी एक गोष्ट या धंद्यात कुणीतरी घरी नेली.

आणि खरी गंमत जाळ्यांची. गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना ३० फूट रुंद आणि ३२ फूट उंच जाळी ताणलेली असते. किक चुकली, चेंडू जाळीवर आपटला, तर तो मेला नाही. परत आलेला चेंडू झेला आणि पळा. गल्लीत वाढलेल्या माणसाला यात नवल काही नाही. सान्यांच्या भिंतीला लागून आलेला चेंडू एका हाताने झेलला की आउट, हा नियम आम्ही सातवीत असताना संपूर्ण आळीला मान्य होता. फरक एवढाच की आम्ही त्याचं पेटंट घेतलं नाही. फॉस्टरसाहेबांनी १९९० मध्ये घेतलं. अख्ख्या खेळाचं पेटंट! नव्वदीनंतर छपराखाली दुसऱ्या लीगा निघाल्या, त्यांना फुटबॉल खेळता येत होतं पण जाळी लावता येत नव्हती. पुढे २००७ च्या सुमारास पेटंटची मुदत संपली. जाळी सर्वांना खुली झाली आणि दुसऱ्याच वर्षी मूळ लीगचं दिवाळं वाजायला आलं. याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा.

आता मुद्द्याचा सल्ला, आणि तो कान देऊन ऐका. लीग काढा, संघ घ्या, पण काही झालं तरी अजिंक्यपद मिळवू नका.

हसू नका. पहिला अंतिम सामना, ज्याला ते एरिनाबोल म्हणतात, १ ऑगस्ट १९८७ ला झाला. डेन्व्हर डायनामाइटने पिट्सबर्ग ग्लॅडिएटर्सना ४५-१६ असं लोळवलं, तेही पिट्सबर्गच्या घरात. पुढच्या हंगामात गतविजेता डेन्व्हर कुठे होता? घरी. १९८८ मध्ये संघ मैदानात उतरलाच नाही. हरलेलं पिट्सबर्ग मात्र खेळत राहिलं, १९८९ ला पुन्हा अंतिम सामना हरलं, मग बिऱ्हाड उचलून फ्लोरिडात गेलं आणि टॅम्पा बे स्टॉर्म या नावाने २०१७ पर्यंत नांदलं. मधे पाच अजिंक्यपदं मिळवली, हे खरं. पण आधी दोनदा हरून ग्रहशांत करून घेतली होती, हे विसरू नका.

डेट्रॉइट ड्राइव्हचं उदाहरण तर हृदयद्रावक. १९८८ ते १९९३ लागोपाठ सहा अंतिम सामने, त्यांतले चार जिंकले. पिझ्झावाले माइक इलिच मालक. त्यांनी १९९२ मध्ये डेट्रॉइटचाच टायगर्स हा बेसबॉलचा संघ घेतला, आणि थोरली घरात आल्यावर धाकटीचं जे होतं ते झालं. ड्राइव्ह विकला गेला, मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरला गेला, नवं नाव घेऊन १९९४ चा एक हंगाम खेळला आणि बंद पडला. फिलाडेल्फिया सोलचे एक मालक गायक जॉन बॉन जोवी. २००८ ला सोल जिंकला, आणि त्या डिसेंबरात लीगनेच कळवलं की २००९ चा हंगाम होणार नाही. एकट्या विजेत्याला बुडवणं बरं दिसत नव्हतं, म्हणून सगळेच बुडाले. सॅन होजे सेबरकॅट्सनी २०१५ मध्ये साखळीतल्या अठरा सामन्यांत सतरा जिंकले, एरिनाबोल जिंकला, आणि हिवाळा लागायच्या आत गाशा गुंडाळला. एकच हरले. आणखी चार-पाच हरले असते तर कदाचित वाचले असते.

मोंटानातल्या बिलिंग्ज आउटलॉजना तर निसर्गानेच इशारा दिला होता. ही दुसरी लीग, नाव सरळ इनडोअर फुटबॉल लीग. २००९ चे ते विजेते. जून २०१० मध्ये टोर्नाडो, म्हणजे राक्षसी वावटळ, आली आणि त्यांच्या स्टेडियमचं छप्पर उडवून गेली. इनडोअर खेळाला याहून स्पष्ट शब्दांत कोण काय सांगणार? तरी पठ्ठ्यांनी ऐकलं नाही, त्याही वर्षी जिंकले, आणि संघ बंद झाला.

कुणी सू फॉल्स स्टॉर्मचं नाव काढील. साउथ डकोटातला हा संघ २०११ ते २०१६ सलग सहा वर्षं त्याच लीगचा विजेता होता आणि त्या सहा वर्षांत त्याला काहीही झालं नाही. अशी माणसं प्रत्येक गावात असतात. दिवसाला दोन पाकिटं ओढून नव्वदी गाठतात. त्यांचं बघून आपण सुरू करायचं नसतं.

मग जिंकायचंच झालं तर कसं जिंकावं? वॉशिंग्टन व्हॅलरसारखं. २०१८ पर्यंत एरिना लीगमध्ये चारच संघ उरले होते. व्हॅलरने बारा सामन्यांत दोन जिंकले आणि दहा हरले. पण संघ चार आणि बाद फेरीच्या जागाही चार, त्यामुळे शेवटचा नंबरही पात्र. आमच्या शाळेत चित्रकला स्पर्धेला तिघे बसायचे आणि बक्षिसंही तीन असायची, तसं. उपांत्य फेरीत दोन सामन्यांच्या गुणांची बेरीज होती. त्या बेरजेत व्हॅलरने पहिल्या क्रमांकाच्या ऑल्बनीला मागे टाकलं आणि अंतिम फेरीत शेजारच्या बाल्टिमोर ब्रिगेडला ६९-५५ हरवलं. दोन विजय, दहा पराभव, आणि करंडक! यातली खरी मेख पुढे आहे. व्हॅलर आणि ब्रिगेड या दोन्ही संघांचे मालक एकच, टेड लिऑन्सिस. अंतिम सामन्यात तुमचे दोन्ही संघ असले की कुणीही जिंको, मिरवणूक आपल्याच दारातून निघते. भांडी घासायलाही आपल्यालाच लागतं, ते वेगळं. पुढच्या वर्षी ऑल्बनी एम्पायर जिंकला, आणि २०१९ संपायच्या आत लीगने दिवाळखोरीचा अर्ज केला. पाहिलंत ना, नियम मोडत नाही.

खेळाडूंच्या पगाराची चिंता तुम्हाला असेल. नसावी. जेवण मात्र वेळेवर द्या, कारण ते उपयोगी पडतं. मार्च २०१२ मध्ये मानधनावरून खेळाडूंचा संप होणार अशी हवा होती. हंगामाचा पहिलाच सामना ऑरलँडोत, टीव्हीवर थेट. पाहुण्या पिट्सबर्ग पॉवर या नव्या संघाची मंडळी सामन्याआधी एका इटालियन हॉटेलात जेवायला बसली होती, आणि मालकाने तिथेच त्यांना कामावरून काढून टाकलं. आपल्याकडे भरल्या ताटावरून उठवणं अशुभ मानतात. व्यवस्थापनशास्त्रात ते चालतं.

लीगच्या नावावर एक भव्य यश जमा आहे आणि ती सतत तेच सांगते. कर्ट वॉर्नर. आयोवातल्या सीडर फॉल्सच्या सुपरमार्केटमध्ये हा गडी तासाला साडेपाच डॉलरवर फळ्यांवर माल लावत होता. १९९५ पासून तीन हंगाम तो आयोवा बार्नस्टॉर्मर्ससाठी खेळला, आणि जानेवारी २००० मध्ये सेंट लुईस रॅम्सकडून त्याने सुपर बोल, म्हणजे एनएफएल या मोठ्या मैदानी लीगचा अंतिम सामना, जिंकला. आता हे लक्षात घ्या की आयोवाकडून तो १९९६ आणि १९९७ असे दोन्ही एरिनाबोल हरला होता. काय म्हणत होतो मी?

तुम्हाला वाटेल, हे सगळं साता समुद्रापलीकडचं. तर ऐका. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया खेळायला उतरली. मैदानावरची, छपराविना, पण पाकीट त्याच जातीचं, आणि पैसे लावणाऱ्यांत हेच कर्ट वॉर्नर. शिवाय फिलाडेल्फिया सोलचे एक भागीदार रॉन जॉवर्स्कीसुद्धा. भारताची लीग, म्हणून सामने झाले श्रीलंकेत. पहिला विजेता कोण ठरला? पुणे मराठाज. दिल्लीला अंतिम सामन्यात ६-० हरवलं. मराठ्यांनी दिल्ली जिंकली आणि पुण्यात त्याची एका चौकातसुद्धा फ्लेक्स लागली नाही. वाढदिवसाची लागते. मी त्या वर्षी पुण्यातच होतो. रोज लक्ष्मी रोडनेच येत-जात होतो, आणि कुणी एका शब्दाने बोललं नाही.

तेव्हा आता तुमची पाळी. एरिना लीगचं नाव २०२४ मध्ये पुन्हा एकदा काढलं गेलं. सोळा संघ जाहीर झाले, एप्रिलअखेर सामने सुरू झाले, आणि महिनाभरात संघही गळाले आणि कमिशनरही बदलले. जुलैमधला अंतिम सामना न्यू जर्सीच्या अमेरिकन ड्रीम नावाच्या मॉलमध्ये झाला, आतल्या स्केटिंगच्या जागेत. शेजारीच मेटलाइफ स्टेडियम आहे, तिथे मोठ्या लीगचे दोन संघ खेळतात. मॉलमध्ये जिंकले ते बिलिंग्ज आउटलॉज, छप्पर उडालेल्यांचंच नाव पुन्हा लावलेले. ऑल्बनीला त्यांनी ४६-४१ हरवलं. पुढच्या वर्षी त्या लीगच्या जागी नव्या नावाची लीग उभी होती.

आषाढ लागायला फार दिवस नाहीत. कार्यालयवाल्याला फोन लावा, ऑगस्टच्या तारखा रिकाम्या असतील. अनामत परत मिळते का तेवढं आधी विचारून घ्या, आणि छप्पर कसलं आहे तेही.