फुकटचे ड्रायव्हर मशीन जाळतात म्हणे!

उद्यमनगरात आमच्या मामांचं छोटं मशीन शॉप आहे. परवा त्यांनी एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, ‘कॉम्प्युटर भंगारात घालू का?’ फॉरवर्डचं म्हणणं असं: लिनक्सचे (म्हणजे विंडोजसारख्याच, पण फुकट मिळणाऱ्या सिस्टीमचे) ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला हार्डवेअर चालवता यावं म्हणून लागणारे प्रोग्रॅम, हौशी पोरं फुकटात लिहितात, त्यातनं डेटा चोरीला जातो, हार्डवेअर जळतं, म्हणून कंपनीचाच ड्रायव्हर वापरा, आणि विंडोज 10 असेल तर सरळ नवा पीसी घ्या. शेवटी नवे पीसी विकणाऱ्याचा नंबर. म्हणजे दुखणं कुठलं ते कळलंच.

जळण्याचं आधी बोलू, कारण मामा त्यालाच घाबरलेत. सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनला, प्रोग्रॅम पाठवायला त्यांच्याकडं यूएसबी-टू-सिरियल केबल (कॉम्प्युटरचा यूएसबी पोर्ट मशीनच्या सिरियल पोर्टला जोडणारी) आहे. अशा कितीतरी केबलींत एफटीडीआय कंपनीची चिप असते, नाहीतर तिची नक्कल. घेताना कुणाला कळतंय? ऑक्टोबर 2014 मध्ये या कंपनीचा अधिकृत ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि नकली चिप दिसली की तिचा प्रॉडक्ट आयडी (ज्यावरून कॉम्प्युटर केबल ओळखतो तो नंबर) शून्य करू लागला. केबल मेली. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तरी ओळख पटेना. ज्यानं रोख पैसे मोजून केबल घेतली त्याचा काय गुन्हा? बोंबाबोंब झाली तेव्हा तो ड्रायव्हर मागं घेतला. लिनक्सवाल्यांनी काय केलं? आपल्या ड्रायव्हरच्या यादीत तो शून्य आयडीही घातला. मेलेल्या केबली लिनक्सवर परत चालायला लागल्या. आता सांगा, जाळलं कुणी?

बरं, एक कबूल करतो. 2008 साली लिनक्स 2.6.27 च्या चाचणी आवृत्त्यांत एका बगमुळं इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांची मेमरी बिघडली, कार्डं निकामी झाली. खरं आहे. पण पक्की आवृत्ती निघायच्या आत त्या मेमरीवर लिहायची वाट बंद केली होती.

‘हौशी पोरं’ तर नुसतं हवेतलं. लिनक्स फाउंडेशनच्या 2017 च्या अहवालात कर्नलमधला (लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर त्यातच असतात) बिनपगारी लोकांचा वाटा 8 टक्क्यांच्या आसपास आहे. बहुतेक काम इंटेल, रेड हॅट अशा कंपन्यांच्या पगारी माणसांचं. आणि हौशी असला तरी त्याचा कोड मेंटेनरनं (त्या भागाची जबाबदारी असलेल्या माणसानं) तपासल्याशिवाय आत जात नाही.

डेटाचोरीचा पुरावा फॉरवर्डमध्ये शून्य. लिनक्सचा कोड उघडा आहे, कुणालाही वाचता येतो, म्हणून तो आपोआप सुरक्षित होतो असं मीही म्हणणार नाही. पण एचपी, सॅमसंग, झेरॉक्सच्या प्रिंटरबरोबर येणाऱ्या बंद (कोड बाहेरच्यांना न दिसणाऱ्या) ड्रायव्हरमधलं 2005 पासूनचं सुरक्षेचं भोक 2021 मध्ये उजेडात आलं, तेव्हा कंपनीच्या शिक्क्याचं कौतुक पुरे.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, पीसी नाही. मामांना सांगितलंय: लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालू करा, इन्स्टॉल काही करू नका, केबल लावा आणि टर्मिनलमध्ये ‘dmesg’ (डीमेसेज) ही कमांड देऊन सिस्टीमचे संदेश बघा. त्यात ‘ttyUSB0’ दिसलं की केबल ओळखली. त्यांचं प्रोग्रॅम पाठवायचं सॉफ्टवेअर मात्र फक्त विंडोजचं आहे, ते वाइनवर (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालतंय का बघावं लागेल. अडचण असलीच तर ही आहे, आणि फॉरवर्डमध्ये नेमकी हीच नाही.