लाईट गेली तरी चालू

जुलै लागला की कोल्हापुरात जो भेटेल तो एकच विचारतो, "बंधाऱ्याला किती फूट?" राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. घरून काम करणाऱ्याचा धोका मात्र पंचगंगेच्या फार अलीकडे सुरू होतो. आभाळ नुसतं गुरगुरलं तरी लाईट जाते, राउटर डोळे मिटतो आणि मुंबईच्या सर्व्हरवर दुपारपासून चाललेला बॅकअप नव्वद टक्क्यांवर प्राण सोडतो.

लाईट आमची गेली, मुंबईची नव्हे. मग तिकडचं काम का मरावं? तर ही मोडेमनं फोन लावून काम करायच्या काळातली रीत. पलीकडच्यानं फोन ठेवला की टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाईप करायच्या पडद्यावर, चाललेल्या प्रोग्रामना हँगअपचा सिग्नल जायचा: माणूस गेला, आता गाशा गुंडाळा. मोडेम भंगारात गेले तरी सिग्नल अजून इमानदारीत जातोच आहे.

यावरचा इलाज जुना आहे: कनेक्शन तुटलं तरी काम जिवंत ठेवणारे प्रोग्राम. ग्नू स्क्रीन 1987 पासून आहे आणि निकोलस मॅरियटचं टीमक्स 2007 पासून. टीमक्स सर्व्हरवरच ठाण मांडून बसतं. काम त्याच्या अंगावर असतं, आपल्या कनेक्शनच्या नाही. कंट्रोल-बी दाबून डी दाबलं की आपण बाहेर, काम आत चालूच. टीमक्स अटॅच म्हटलं की पुन्हा आत. हे जमायला लागल्यापासून मी रात्री बॅकअप लावतो, डी दाबतो आणि गंगावेशेत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जातो. आधी लाईट गेली की मी गॅलरीत येरझाऱ्या घालायचो. आता आईलाच काळजी लागलीय. "आरं, लाईट गेलीया आन् तू हसालायस काय? नोकरी हाय न्हवं अजून?"

पण सुख फार काळ नुसतं सुख राहत नाही. कुठूनही अटॅच होता येतं म्हटल्यावर मोबाईलवरूनही होता येतं, आणि होता येतं म्हटल्यावर माणूस होतोच. एकदा रंकाळ्यावर भेळ खाताना मी सेशनमध्ये, म्हणजे टीमक्सनं जिवंत ठेवलेल्या कामात, डोकावलो. त्या सर्व्हरवरचं टीमक्स जुनं. एकाच सेशनला दोघं जोडलेले असले की ते सगळ्यात लहान पडद्याचं माप सगळ्यांना लावतं. घरी येऊन बघतो तर मोबाईल अजून जोडलेलाच, आणि सत्तावीस इंची मॉनिटरच्या डाव्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं टर्मिनल आणि बाकी सगळीकडे टिंबंच टिंबं. अटॅचला डॅश डी जोडलं की बाकीचे हाकलले जातात आणि माप परत मिळतं. नव्या आवृत्तीत शेवटी ज्यानं हात लावला त्याचं माप चालतं. त्यात न्याय किती कुणास ठाऊक, पण टिंबं कमी झाली.

खरी मजा सुरू झाली ती आमच्या टीममधल्या सांगलीकरामुळे. "हातानं कशाला करतोस भावा, स्क्रिप्ट लिहू की!" स्क्रिप्ट साधी होती. न्यू-सेशनला डॅश डी देऊन पडद्यामागेच सेशन उघडायचं, डॅश एस देऊन नाव ठेवायचं आणि मग सेंड-कीजनं आत कमांड पाठवायची. सेंड-कीज अक्षरशः टाईप करतं, एवढंच. एंटर दाबायचं असेल तर शेवटी एंटर असं वेगळं सांगावं लागतं. सांगलीकरानं ते सांगितलं नव्हतं. सकाळी अटॅच होऊन पाहिलं, तर अख्खी कमांड हातात अक्षता घेतलेल्या पाहुण्यासारखी रात्रभर ताटकळत उभी आणि मंगलाष्टकं सुरूच झालेली नाहीत.

त्यानं एंटर घातला. दोन कमांडींमध्ये पाच सेकंदांचा स्लीपही घातला, "म्हणजे घाई नको". त्या रात्री पहिल्याच कमांडला सुडोनं, म्हणजे मालकाच्या अधिकारानं कमांड चालवून देणाऱ्या प्रोग्रामनं, पासवर्ड विचारला. सेंड-कीज समोर कोण काय विचारतंय ते बघत नाही. त्यानं दुसरी कमांड पासवर्ड म्हणून टाईप केली, मग तिसरी, मग चौथी. सुडोनं तीनदा ऐकून घेतलं आणि नाद सोडला. पाचवी कमांड होती मेल पाठवायची. ती तेवढी नीट चालली: "बॅकअप पूर्ण झाला."

माझं मत विचाराल तर सेंड-कीजवर भिस्त ठेवूच नये. कॅप्चर-पेननं पडद्यावर काय आलंय ते आधी वाचावं, वेट-फॉरनं आधीचं काम संपेपर्यंत थांबावं, आणि रिमेन-ऑन-एक्झिट चालू ठेवावं. नाहीतर सेशनला थेट दिलेली कमांड आपटली की सेशनच गायब होतं आणि पंचनाम्याला काही उरत नाही. सांगलीकराला हे पटलं, पण त्यानं स्लीप पाचचा दहा केला.

तरी आमचं बरं म्हणायचं. 2016 साली सिस्टिमडीच्या, म्हणजे लिनक्समधले बाकीचे प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या कारभाऱ्याच्या, 230 व्या आवृत्तीनं लॉगआऊट होणाऱ्याचे सगळे प्रोग्राम मारायचे, अशी रीत पाडली. म्हणजे टीमक्स ज्यासाठी जन्माला आलं नेमकं तेच बंद. जगभर बोंबाबोंब झाली आणि डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारानं ती रीत आपल्याकडे बंदच ठेवली.

न मरणाऱ्या सेशनची दुसरी पीडा अशी की ती खरंच मरत नाहीत. परवा सर्व्हर रीस्टार्ट करायचा ठरला. टीमक्स एलएसनं यादी दाखवली: काम, काम२, नवीन-काम, मारू-नका. प्रत्येकापुढे जन्मतारीख असते. मारू-नका ज्यानं काढलं तो गडी नोकरी सोडून गेलाय, त्याला पोरगंही झालं. मी आणि सांगलीकर फोनवर एकत्र अटॅच झालो. आत एकच ओळ होती: पुढे जायचं का, वाय की एन? वर काय विचारलं होतं ते कधीच वाहून गेलेलं.

"एन दाबू काय?" मी विचारलं.

"दाबू नगोस."

"मग वाय?"

"खुळा हैस काय?"

दोघांनीही कंट्रोल-बी, डी दाबलं. रीस्टार्ट पुढच्या महिन्यावर गेलाय.