एसपीएफबद्दलच्या माझ्याच मेसेजचा खुलासा
गेल्या आठवड्यात मीच लिहिलं होतं की वेबसाइटवरून मेल पाठवायला नवीन सर्व्हिस जोडली की डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी असतात तिथे) तिच्यासाठी आणखी एक एसपीएफ रेकॉर्ड (आपल्या डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) टाका, जुन्याला हात लावू नका. हे चुकीचं आहे, आणि आता ते फॉरवर्ड होत फिरतंय म्हणून लिहितोय.

एका डोमेनला एसपीएफचं रेकॉर्ड एकच लागतं. दोन सापडली तर समोरचा सर्व्हर त्यातलं बरोबर कुठलं ते शोधत बसत नाही, सरळ 'परमएरर' (कायमची चूक) देतो, म्हणजे दोन्ही बाद. एसपीएफचे नियम सांगणाऱ्या २०१४ च्या आरएफसी ७२०८ या दस्तऐवजात हे स्पष्ट दिलंय, मी तेव्हा वाचलं नव्हतं. कळलं कसं, तर पासवर्ड रीसेटचा मेल स्पॅममध्ये सापडला म्हणून 'शो ओरिजिनल' (मेलचा मूळ तपशील) उघडून पाहिलं, एसपीएफसमोर 'पास'च्या जागी 'परमएरर' हाच शब्द.

बरोबर पद्धत अशी, की जुन्याच ओळीत शेवटच्या '~ऑल' किंवा '-ऑल'च्या (यादीबाहेरच्या सर्व्हरांचं काय करायचं ते सांगणारा भाग) आधी नव्या सर्व्हिसचं 'इन्क्लूड' (तिची यादी आपल्या यादीत जोडणारा भाग) घालायचं. फक्त इन्क्लूडसारख्या गोष्टींमुळे होणारे डीएनएस लुकअप (तपासताना डीएनएसला केलेल्या विचारणा) एकूण १० च्या वर गेले की पुन्हा तोच एरर, आणि इन्क्लूडच्या आतले इन्क्लूडपण त्यात मोजतात बरं का!

दोन रेकॉर्ड असूनही मेल पोचतायत असं काहीजण म्हणाले, ते शक्य आहे, कारण डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) नीट असेल तर डीएमार्क (एसपीएफ आणि डीकेआयएमच्या निकालांवर चालणारी तपासणी) तेवढ्यावरही पास होतं. पण म्हणून दुसरं रेकॉर्ड तसंच ठेवू नका.

जुना मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हा द्या.