स्कीची लांबी उंचीवरून ठरत नाही

मिनेसोटात राहणारी माझी भाची या उन्हाळ्यात स्लॅलम वॉटर स्की घेणार आहे. एकाच फळीवर दोन्ही पाय एकामागे एक अडकवून मोटरबोटीमागे ओढून घेतात, ती ही स्की. खरेदीआधी तिने मला एक संदेश पाठवला, जो आमच्या नात्यातल्या तीन व्हॉट्सॲप गटांत आधीच फिरून आला होता. त्यात चार सूचना होत्या: स्की आपल्या उंचीइतकी घ्यावी, शंका असल्यास लांबच घ्यावी, पडल्यावरही पाय सुटणार नाही इतके स्कीवर बसवलेले बूट आवळावेत आणि मागच्या फिनला (स्कीच्या तळाशी बसवलेल्या धातूच्या पात्याला) कधीही हात लावू नये. "मामा, हे बरोबर आहे ना?" असे तिने विचारले, म्हणून हे लिहावे लागत आहे.

उंचीचा नियम मुळातच चुकीचा आहे. पाणी स्कीला उचलून धरते ते वेग आणि क्षेत्रफळ यांच्या जोरावर, आणि त्याला पेलायचे असते ते वजन. रेडार किंवा एचओ या उत्पादकांचा तक्ता उघडून पाहावा. त्यात वजन आहे, बोटीचा वेग आहे, उंचीचा रकानाच नाही. माझी भाची ५ फूट ९ इंच उंच आणि ६० किलो वजनाची आहे, तर तिचे वडील ५ फूट ५ इंच आणि ९५ किलो. संदेश मानला तर तिला ६९ इंची आणि दाजींना ६५ इंची स्की मिळेल. ताशी ३० मैल वेगाला हवे असते साधारण याच्या उलट. ६५ इंची स्कीवर दाजी पाण्यात रुतून राहतील आणि दोर धरून त्यांचे दंड भरून येतील.

लांब स्की शिकणाऱ्याला सोपी जाते, हे अर्धसत्य मान्य करतो. उचलणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी २६ मैलांच्या तुलनेत ३४ मैलांना तीच स्की सुमारे १.७ पट बल देते. म्हणून वेग कमी असेल तेव्हा मोठी किंवा रुंद स्की लागते. मिनेसोटातल्याच लेक पेपिनवर १९२२ साली राल्फ सॅम्युअलसन मंद बोटीमागे पाइनच्या ८ फुटी फळ्यांवर उभे राहिले होते. परंतु वेग वाढला की हलक्या माणसाखाली लांब स्की पाण्यावरच तरंगत राहते, वळणावर तिची कड पाण्यात बसत नाही आणि वळण लांबत जाते.

तिसरी सूचना मात्र धोक्याची आहे आणि ती पुढे पाठवणाऱ्यांचा मला राग आला आहे. पडताना स्की पाण्यात आडवी अडकते आणि शरीर पुढे फेकले जाते. पाय सुटला नाही तर साडेपाच फुटांच्या त्या फळीचा सगळा पीळ घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. दोन्ही पायांना पूर्ण बूट असतील आणि एकच पाय सुटला, तर दुसऱ्याची अवस्था आणखी वाईट होते. भाचीच्या डाव्या घोट्याला मागच्या उन्हाळ्यात मार बसलेला आहे. ढिला बूटही चालत नाही, कारण टाच उचलली गेली की वळणातच पाय निसटतो. बूट ओला करून पाय घालावा, टाच हलणार नाही इतपतच आवळावे आणि जोराचा झटका बसल्यास पाय बाहेर येईल याची खात्री करून घ्यावी. रबर ताणले जाते, म्हणून हे दर हंगामाच्या सुरुवातीला पुन्हा करावे.

फिनला नवशिक्याने हात लावू नये, एवढे ठीक आहे. तिथले बदल कॅलिपर या सूक्ष्म मोजमापाच्या साधनाने इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात, आणि ते करण्याआधी मूळ आकडे लिहून ठेवावे लागतात. बूट ज्या भोकांत स्क्रूने बसवतात, त्यांत ते पुढे-मागे सरकवणे ही वेगळी गोष्ट आहे. स्कीचे नाक सारखे पाण्यात घुसत असेल तर दोन्ही बूट एक भोक मागे घ्यावेत, आणि नाक वरच राहून स्की वळत नसेल तर एक भोक पुढे.