पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जॅकेट लागतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'दर्यावर्दी' (हेच नाव तुम्ही लावलंय, म्हणून),

मुंबईतल्या मार्वे-मनोरीच्या खाडीत कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) चालवताना लाइफ जॅकेट घालाच, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणता, "एसीत बसून ज्ञान पाजळू नका. पट्टीच्या पोहणाऱ्याला जॅकेट कशाला? उकाड्यात ते नुसतं ओझं."

मतभेद असू द्या, पण ही भाषा कशासाठी? माझं बालपण मनोरीत गेलं. घरची होडी होती. ओहोटीला ती खाडी कशी ओढते, हे मला एसीत बसून कळलेलं नाही.

उकाड्याचं मान्य. मे महिन्यात जॅकेट अंगाला चिकटतं, भाड्याच्या जॅकेटांना वासही मारतो. झालं?

आता पोहण्याचं. तुम्ही पोहता कुठे? तरणतलावात पाणी जागच्या जागी असतं. मुंबईत मोठ्या उधाणाला समुद्राचं पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं आणि साधारण सहा तासांत उतरतं. एवढं पाणी खाडीतून बाहेर पडत असताना माणूस हात मारतो एकीकडे आणि जातो भलतीकडे. रिकामी कयाक वाऱ्यावर तुमच्या आधी पळते. काठाला जावं तर तिवरं आणि गाळ. त्यात पायाला गोळा आला, किंवा उलटताना कयाकची कड कपाळावर बसली, तर पट्टीचं पोहणं काय कामाचं? कयाकिंगचं साधं जॅकेट 50 न्यूटनचं, म्हणजे जेमतेम पाच किलोचा आधार. पण शुद्धीवरच्या माणसाला तरंगत ठेवायला तेवढा पुरतो. बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर करेलच असं नाही, हेही मी लेखात लिहिलं होतं. वाचलंत?

माझा मामेभाऊ आमच्यात सगळ्यांत दमाचा पोहणारा. कयाक उलटल्यावर ओहोटीशी झगडून तो इतका थकला की मासेमारीच्या बोटीवर त्याला अक्षरशः ओढून घ्यावं लागलं. त्याचं जॅकेट कुठे होतं? कयाकच्या मागे बांधलेलं.

'कोळी कुठे घालतात', 'सक्ती कुठे आहे' वगैरेंत मी शिरत नाही. डिसेंबर 2024 मध्ये नीलकमल बोटीचा अपघात झाल्यावर घारापुरीच्या बोटींवर जॅकेट सक्तीचं झालं. कयाकवाल्यांनीही तशीच वाट बघायची का?

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पुढची मात्र खऱ्या नावाने लिहा, आणि लेख शेवटपर्यंत वाचून.